उरलेले वीस सेकंद

"पण सर, माझं चुकलं कुठं?"

मेघना बेंडिगेरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. रेगे सर पेशंटच्या खुर्चीत आडवेच होते. आत्ताच तिनं त्यांच्या खालच्या जबड्यात भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. सहीचा कागद बाजूला कोराच पडलेला.

आम्ही सगळ्या हायजिनिस्ट, दवाखान्यात दात साफ करून देणाऱ्या. भूल द्यायला शिकायचं म्हणून तीन महिने घरी मोबाईलवर धडे, मग सहा दिवस इथं कॉलेजात खुर्चीपाशी सराव. शेवटचं इंजेक्शन खुद्द सरांना द्यायचं, ही त्यांची रीत. आज सहावा दिवस. सही नाही मिळाली तर पुन्हा तीन महिने! आणि मेघनाच्या मिरजेच्या डॉक्टरीणबाई तर सोमवारपासून भुलीचं काम तिच्यावर सोपवून मोकळ्या झालेल्या.

मेघना हुशार, त्यात वादच नाही. धड्यांच्या परीक्षेत शंभरात अठ्ठ्याण्णव. तोरा मात्र एकशे दहाचा.

"सुई चुकीच्या जागी गेली?"

"नाही. अगदी बरोबर."

"दट्ट्या मागं ओढून बघितला, रक्त आलं नाही. औषध सावकाश सोडलं. साठ सेकंद, मोजून."

"हो."

"दुखलं तुम्हाला?"

"नाही गं."

"मग सही का नाही?"



मी ट्रे धरून शेजारीच उभी होते. इंजेक्शन देताना तिचा हात जरासुद्धा हलला नव्हता. खरं सांगते, मलाही काही उमजेना. म्हातारा उगाच छळतोय की काय, असंच वाटलं.

"सुई लावायच्या आधी मला काय म्हणालीस?" सरांनी विचारलं.

"मध्येच काही वाटलं तर डावा हात वर करा."

"केला होता."

"...हो."

"दिसला?"

"दिसला सर. पण चाळीस सेकंद झाले होते. वीसच उरले होते."

मेघना त्यांच्यावर वाकली.

"काय... काय होत होतं तुम्हाला?"

"आत्ता विचारतेस?"

मेघनाचे डोळे भरून आले. राग होता, रडूही होतं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ.

"अहो, व्हिडिओत तुम्हीच तर सांगता, साठ सेकंदांच्या आत औषध संपवायचं नाही! दहादा बघितलाय मी. आणि आता म्हणता, हात बघ. मग मी ऐकायचं तरी कोणत्या सरांचं? मोबाईलमधल्या, की खुर्चीतल्या?"

सरांचा अर्धा ओठ एव्हाना लुळा पडला होता. त्यांनी रुमालानं हनुवटी पुसली. कोरा कागद घडी करून तिच्या हातात दिला.

"दोघांपैकी ज्याला बोलता येत नव्हतं, त्याचं."