बिळाच्या दारातला साळू

फार मागे, एका माळावरच्या सशांनी बिळाच्या दारावर नवा राखणदार बसवला. त्या साळिंदराचं नाव साळू. पहिल्याच दिवशी पाला घेऊन परतलेल्या शेवंता सशिणीला त्यानं अडवलं. तिनं नाव सांगितलं, फाटका कान दाखवला, पंजाचा वासही घ्यायला लावला.

"आत जाता येणार नाही," साळू म्हणाला.

शेवंता गोंधळली. "मग काय दाखवू म्हणजे सोडाल?"

साळूही विचारात पडला. "परक्याला सोडू नको, एवढंच मला सांगितलंय. आपलं कोण, ते कुणी सांगितलंच नाही."

आत भुकेली पिल्लं रडत होती. शेवंतानं त्यांना हाक मारली, तशी ती गप्प झाली.

साळूनं आत मान वळवून विचारलं, "बाहेर कोण आहे रे?"

"आई," पिल्लं म्हणाली.

साळू काटे मिटून बाजूला सरकला.