वाघजाळीच्या बारवेतला हात

जपून उतरा हं. या बारवेच्या पायऱ्या बुटक्या आहेत, नवख्याचा पाय अडखळतो. देवीच्या कोनाड्याखाली दगडात कोरलेली ती आडवी रेघ दिसते ना, तिला आम्ही ‘हात’ म्हणतो. सोमवारी दिवा लावायला येते, तेव्हा मी रेघेलाही हळद वाहते.

ही बारव बांधायला दोन टोळ्या आल्या होत्या, असे सांगतात. उत्तरेकडून म्हाळोजी पाथरवटाची, दक्षिणेकडून सटवाजीची. दोन्हींच्या भाकरी थापायची आमच्या गावची भागाबाई. बारवेच्या पाण्याने पहिली घागर भरेपर्यंत अळणी जेवीन, असा तिचा नेम होता.

पायरीची उंची अर्धा हात ठरली होती. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. वीस-वीस पायऱ्या झाल्यावर दोन्ही बाजू मधल्या कट्ट्यावर मिळायच्या, तर सटवाजीची बाजू चांगली अर्धा हात वरच राहिली. म्हाळोजी सगळ्यांदेखत त्याच्या टोळीला अंगचोर म्हणाला. त्या टोळीने छिन्न्या खाली ठेवल्या. आठ दिवस काम बंद, आणि उन्हाळा तोंडावर.

भागाबाईला खरे ठाऊक होते म्हणे. पाण्याचा तांब्या घेताना एकदा सटवाजीच्या डाव्या हाताची चिंधी सुटली होती. मधल्या बोटाचे पेर घणाखाली गेलेले. थोट्या माणसाला मुकादम कोण ठेवील, या धास्तीने तो हात झाकायचा, आणि त्याच हाताने टोळीला माप द्यायचा. आजवर त्याची टोळी एकटीच काम करायची, म्हणून त्या मापाने कधी बिघडले नव्हते. भागाबाई चारचौघांत बोलली असती तर वाद तिथेच मिटता, पण सटवाजी कामातून कायमचा उठला असता. ती बोलली नाही.

तिने दोघांना कोनाड्यासमोर बसवले आणि अट घातली. आधी दुसऱ्याचे गाऱ्हाणे आपल्या तोंडाने सांगायचे. तो ‘असंच’ म्हणाला, की मग पाळी त्याची.

“हा म्हणतो, मी आळशी आहे, पण मला तसं म्हणू नका,” म्हाळोजी म्हणाला. माणसे हसली. सटवाजीने ‘असंच’ म्हटले नाही. दुसऱ्या दिवशीही जमले नाही. भागाबाईने दोघांना भाकरी वाढली आणि उद्या या म्हणाली.

तिसऱ्या दिवशी म्हाळोजी सटवाजीच्या जागी जाऊन बसला. त्याच्या वतीने म्हणाला, “माझ्या माणसांनी घाम गाळलाय. त्यांना अंगचोर म्हटलं, तर घरी बायकापोरांत त्यांनी मान कशी वर करायची?”

“असंच,” सटवाजी म्हणाला. आता पाळी त्याची. “म्हाळोजी म्हणतो, माप खोटं आहे. खरं म्हणतो तो.” आणि त्याने चिंधी सोडली.

म्हाळोजीने आपला हात त्या हाताशेजारी धरून पाहिला. “आधी सांगायचंस ना, गड्या.”

“तू ऐकलं असतंस?”



आता कुणाच्या पायऱ्या उचकटायच्या? भागाबाई ओढ्यावरून आणलेली भरली घागर घेऊन दोन्ही बाजू चढली आणि म्हणाली, सटवाजीच्या बाजूने धाप लागत नाही. म्हाळोजीने आपल्या वीसही पायऱ्या काढून सटवाजीच्या मापाने पुन्हा बसवल्या. पण त्याआधी सटवाजीचा हात भिंतीला लावून ही रेघ त्याने स्वतः कोरली, आणि खाली अक्षरे: ‘या बारवेचा हात हा. दोघांस कबूल.’ चैत्रात पाणी लागले. त्या दिवशी भागाबाईच्या पानात मीठ दोघांनी मिळून वाढले, असे आमच्या सासूबाई सांगायच्या.

आजही गावात बांधकाम निघाले, की दोन्हीकडचे मिस्त्री माप आधी भिंतीवर गेरूने लिहितात. बोलाचाली झालीच, तर प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे गाऱ्हाणे सांगायचे, आणि ठरेल ते त्याच भिंतीवर उतरवायचे. आमच्या ओसरीवर तशा दोन ओळी आहेत, गवंडी आणि सुताराच्या. दर दिवाळीला घर रंगवतो, तेव्हा तेवढी वीतभर जागा रंगारी न विचारताच सोडून देतो.