सांता एर्मीनच्या वाढल्या पानाची कहाणी

या ग बायांनो, सरकून बसा. सेलिनबाय जाऊन आठवडा झाला, तिचं पान वाढून मधोमध ठेवा. आणि ए फिलोमिना, ते लसूण सोलणं ठेव बाजूला. अर्धी कहाणी ऐकलीस तर फळही अर्धंच मिळेल, मग माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.

आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, पण नगर काही राजाच्या हुकमानं उठत नसे, डोंगरावरच्या मठाच्या घंटेनं उठे. मठात येशूच्या नावानं संसार सोडलेल्या भगिनी राहात. त्यांची मोठी ती मठमाय रेजीना. बाई मोठी कडक, पण भगिनींना पोटच्या पोरींसारखी जपी.

त्या मठात एक पोर आली. नाव एर्मीन. कोळसे पाडणाऱ्याची लेक. आंदण नाही, अक्षराची ओळख नाही. मग काय, दिली चुलीशी बसवून. तिथं म्हातारी भगिनी आगाथा वाढपाला असे. एक दिवस एर्मीन बघते तो काय, जेवणघरात एक जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेपुढं भरलेलं पान!

एर्मीन म्हणाली, "मावशी, मावशी, हा कसला वसा वसता? तो मला सांगा."

"तुला ग वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग आगाथा म्हणाली, "आपल्यातली भगिनी गेली, की तिची जागा मोडू नये. महिनाभर तिचं पान वाढावं. जवाची पेज, पावाचा तुकडा, जे सगळ्यांना तेच तिला. मग दारी भुकेला येईल त्याला तिच्या जागी बसवावं. भीक म्हणून घालू नये. गेलेलीचं नाव घ्यावं, म्हणावं, अमकी तुला जेवायला बोलावते. तो जेवला की ती जेवली."

एर्मीननं वसा घेतला. नगरातल्या गरिबांनाही ही रीत ठाऊक होती. मठात मयताची घंटा वाजली की ते समजत, आता महिनाभर एका तोंडाची सोय झाली.

पुढं काय झालं? आगाथाच वारली. घंटा वाजली. दारी कोण आली? ओदा नावाची विधवा आली, कडेवर लेक. एर्मीन म्हणाली, "या बाई, आगाथामावशी जेवायला बोलावते." ओदा जेवली, लेक जेवली. दुसऱ्या दिवशी आली, जेवली. रोज येऊ लागली.

पण ते साल वाईट. पाऊस रुसला, जव उभे करपले. मठमायनं कणगीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा गेला, तेव्हा कुठं दाणे लागले. हात झटकून उभी राहिली. म्हणाली, "आजपासून आगाथाचं पान बंद. जितींना पुरेना, मेलीला कुठलं वाढू?"

"मठमाय, महिना भरला नाही अजून."

"तुझं शहाणपण घाल चुलीत! माझ्या पोरी उपाशी मरतील त्याचं काय?"

आता आली का पंचाईत! मठात मठमायचा शब्द मोडणं पाप. चोरून द्यावं तर पाप, न द्यावं तर वसा मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर. पहिल्या दिवशी एर्मीननं स्वतःचं पान आगाथाच्या जागी ठेवलं. मठमाय म्हणाली, "मठात माझं म्हणायला कुणाचं काही नसतं. उचल ते." दुसऱ्या दिवशी पाय धरले. मठमायनं पाय सोडवून घेतले. तिसऱ्या दिवशी दाराच्या झरोक्यातून ओदा म्हणाली, "बाई, आगाथाबाय आमच्यावर रागावली का ग? बोलावीत नाही ती." लेकीनं खांद्यावर मान टाकलेली, रडायचंही त्राण नाही पोरीला. एर्मीन आत पळाली. चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. म्हणाली, "येशूराया, ते लेकरू वाचव. मला वाट दाखव."

मग एर्मीनचा कायमची शपथ घ्यायचा दिवस आला. त्याची रीत काय, ऐका. शपथ घेणारीनं वेदीपुढं पालथं निजावं. वरून मयतावर घालतात ती काळी चादर घालावी. मयताची घंटा वाजवावी. म्हणजे ती जगाला मेली, देवाची झाली. एर्मीन निजली, मठमायनं आपल्या हातानं चादर घातली, घंटा वाजू लागली.

घंटा खाली नगरात ऐकू गेली! "अरे, मठात कुणी गेलं! पान वाढतील!" उठलं की सगळं नगर! आंधळे आले, लंगडे आले, लेकुरवाळ्या आल्या, सगळ्यांच्या पुढं ओदा. धडाधडा दार वाजू लागलं. "कोण गेलं ग बाय? कोण जेवायला बोलावते?"

मठमाय ओरडली, "कुणी गेलं नाही! माघारी जा!"

तोच चादरीखालून आवाज आला, "मी गेले."

काय छाती त्या पोरीची, बायांनो! माझ्या तर आत्ताही अंगावर काटा येतो. एर्मीन म्हणाली, "मठमाय, चादर तुम्ही घातलीत, घंटा तुम्ही वाजवलीत. मी मेले असेन, तर माझं पान वाढा. मेले नसेन, तर चादर खोटी, घंटा खोटी, माझी शपथ खोटी."

मग एक म्हातारी भगिनी उठली. "मी ह्याच चादरीखाली निजले होते. माझं पान वाढा." दुसरी उठली, "माझंही वाढा." तिसरी उठली, मग सगळ्याच उठल्या. मठमायला तिचा स्वतःचा दिवस आठवला. चादरीखाली असताना आईचं रडणं ऐकलं होतं तिनं. डोळे पुसले नि म्हणाली, "मग मीही केव्हाच मेलेय. कणगी झाडा. असेल नसेल ते शिजवा. दार उघडा!"

दार उघडलं. जिनं तिनं आपलं नाव घेऊन बोलावलं. "ओदाबाई, एर्मीन जेवायला बोलावते." लेकीच्या तोंडात पेज गेली, एक घोट, दोन घोट, तिसऱ्याला पोरीनं वाटीच ओढली! मठमाय वाढते आहे, वाढते आहे. पंगत उठते, दुसरी बसते, पातेल्याचा तळ काही लागत नाही.

शेवटी एक म्हातारी आली. डोईवरून पदर पुढं ओढलेला. सरळ जाऊन आगाथाच्या जागी बसली. मठमायनं वाढलं. म्हातारीनं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. म्हणाली, "रेजीना, पान उचललंस तेव्हापासून उपाशी होते ग मी. आज जेवले."

पदर मागं सरला. बघते तो आगाथा! मठमायच्या हातातला डाव गळून पडला. पुन्हा बघते तो जागा रिकामी, पुढं पुसलेली वाटी. मठमाय रडत रडत कणगीशी गेली. हात घातला तो मनगटही बुडेना, दाणे काठाशी आले होते.

एर्मीन म्हातारी होईतो चुलीशीच राहिली. उतली नाही, मातली नाही. लोक तिला सांता, म्हणजे संतीण, म्हणू लागले. ती गेली तेव्हा घंटा वाजली, सारं नगर डोंगर चढून आलं. पण ह्या खेपेला रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. जो तो घरून पान वाढून घेऊन आला. पुढं ओदाची लेक, आता लेकुरवाळी झालेली. वाटेत भेटेल त्या भुकेल्याला ती म्हणत होती, "या, एर्मीन जेवायला बोलावते."

सांता एर्मीन जशी ओदाला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. आपली माणसं तिकडं उपाशी न राहोत, दारचं लेकरू इकडं उपाशी न राहो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीची संपूर्ण झाली. आमेन.

ऊठ ग फिलोमिना, सेलिनबायचं पान नीट मांड. बाहेर कोण उभं आहे बघ, आणि सेलिनबायचं नाव घेऊन आत बोलाव.