सडकेकडेचं वावर

फार मागे, माळावरून नवी सडक गेली तेव्हा, सडकेकडेच्या एका वावराचा भाव एकाएकी वाढला. लोक गाड्या थांबवून त्याच्याकडे बघू लागले. बांधापलीकडच्या वावराकडे मात्र कोणी ढुंकूनही बघेना.

वावराला तोरा चढला. ते आपल्या पोटातल्या गांडुळांना म्हणालं, "मोठमोठी माणसं मला बघायला येतात आणि तुम्ही जागोजागी मातीच्या गोळ्या टाकून ठेवता. मला लाज वाटते तुमची."

गांडुळं ओलीओलीनं सरकत बांधापलीकडे निघून गेली.

पेरणीच्या तोंडावर मालकीण ठकूबाई आली. तिला वावर विकायचं नव्हतंच. तिनं एक ढेकूळ उचललं, ते हातानं फुटेना. नाकाशी धरलं, तर मातीचा वास येईना. तिनं ते हळूच होतं तिथं ठेवलं. तापल्या पोरीच्या कपाळावर ठेवावा तसा जमिनीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असंल, काळे आई."

वावराला तोंड कुठं लपवावं कळेना. ते उघड्यावर पसरलेलं होतं, आणि सडकेवरून जाणारे एकमेकांना सांगत होते, "बघा, काय सोन्यासारखं रान आहे."