तळाशी राहिलेला घोट

फार मागे एका डोंगरउतारावर सगुणाबाईंची द्राक्षबाग होती. वरची आंबट आणि खालची गोड द्राक्षं एकत्र तुडवून घरची माणसं जुन्या लाकडी पिंपात लाल वाईन मुरवत. सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती, की पिंप कधी पुरतं रिकामं करायचं नाही; जुन्या वाईनचा घोट तळाशी ठेवायचा.

एका वर्षी घंगाळातला ताजा रस तणतणला, "पिंपआजोबा, मला कुणाचं उष्टं नको!"

लाडक्या नातवापुढे पिंपाचं काही चालेना. त्यानं जुना घोट फटीतून गळू दिला.

हिवाळा सरला. सगुणाबाईंनी नवी वाईन चाखली, पुन्हा चाखली.

"छान झालीय," त्या म्हणाल्या, "पण यंदा यात सासूबाई नाहीत."

बाटल्यांत भरली जाताना वाईन हळूच म्हणाली, "आजोबा, माझा एक घोट तरी तळाशी ठेवाल ना?"