पारबताबाईचे हात

"…मग रंग चुकलेला असला, तरी घ्यायचंच का, भन्तेजी?"

निखिलेश खोब्रागडे विचारत होता, विहाराच्या ओट्यावर बसून.

माझं घर विहाराला लागूनच. मधे कमरेएवढी भिंत. ऐकू येतं, म्हणून ऐकते. त्या दिवशी तर भांडी तशीच टाकून भिंतीशी येऊन उभी राहिले.

भन्तेजींचा पावसाळ्यातला विहारातला मुक्काम, वर्षावास, संपला होता. दुसऱ्या दिवशी चीवरदान, म्हणजे भन्तेजींना अंगावरचं वस्त्र द्यायचं. लोक दुकानातून तयार चीवर आणतात. आमच्या वस्तीतल्या पारबताबाईनं मात्र पांढरं कापड घेतलं, बाभळीची साल उकळली अन् घरीच रंगवलं. तिचा नवरा याच वर्षी गेला. दानाचं पुण्य त्याला लाभावं, त्याच्या पुण्यानुमोदनासाठी.

विहाराच्या कमिटीत निखिलेश. त्यानं ते कापड दारातूनच परत पाठवलं.

विहारातले भिक्खू, भन्ते शीलबोधी, त्याच्याकडे वळले.

"रंग चुकला, हे कशावरून?"

निखिलेशनं खिशातून फोन काढला. पोरगा इंजिनिअर आहे, हुशार आहे, अन् ते त्याला ठाऊकही आहे.

"मी स्वतः ॲप बनवलंय, भन्तेजी. रंग मोजतं. यंदा सगळी चीवरं एकाच रंगाची घ्यायची ठरलंय ना, म्हणून तुमच्या चीवराच्या रंगाचं माप यात ठेवलंय. जुळलं तर पडदा हिरवा. नाही तर लाल."

"दाखव."

त्यानं फोन भन्तेजींच्या चीवराच्या काठावर पालथा ठेवला.

"पालथा?"

"उजेड मोजणारा सेन्सर पडद्याच्या वर असतो. पडदा रंगीत उजेड टाकतो. कापडावरून परत येईल तेवढा सेन्सर मोजतो. बाहेरचा उजेड आत शिरला की माप बिघडतं."

"म्हणजे तो आपलाच उजेड बघतो."

"हो… पण परत आलेला."



निखिलेशनं फोन उचलला. पडदा हिरवा. तो हसला. "बघा! पारबताबाईच्या कापडावर तीनदा ठेवला. तिन्ही वेळा लाल."

"पारबताबाईंना बोलाव."

"मी आणते!" मी भिंतीवरूनच ओरडले.

निखिलेशनं कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही कधीपासून उभ्या आहात?"

"तू आलास तेव्हापासून."

भन्तेजींच्या ओठांवर जरासं हसू आलं. मी चपला न घालताच पळाले.

पारबताबाई आली ती हात पदरात गुंडाळूनच. पदरातूनच वंदन केलं.

"कापड कुठंय, बाई?"

"घरी ठेवलं, भन्तेजी. पोराचं खरंच हाय. कुठं गडद, कुठं फिकं झालं. मले नाही जमलं…" ती थांबली. "यंदाच द्याचं होतं, त्यायच्या नावानं. राहिलं."

निखिलेश फोनकडे बघत बसला. "मावशी, मी काही मुद्दाम नाही केलं. नियम म्हणजे नियम."

"मी कुठं काही म्हटलं, बापू?"

…

"हात बघू," भन्तेजी म्हणाले.

ती लाजली. मग पदर सोडवला.

साल कुटून, कापड पिळून-पिळून तिचे तळवे नखांपर्यंत रंगले होते. रेघासुद्धा दिसत नव्हत्या.

"राखेनं घासले, साबणानं घासले," ती म्हणाली. "निघतच नाही. कापडावर नाही चढला मेला, अंगावर चढला."

भन्तेजी बाईमाणसाच्या हाताला हात लावत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

मला कळलं. मी निखिलेशच्या हातून फोन घेतला अन् पारबताबाईच्या तळव्यावर पालथा ठेवला.

"दाबून धरा, काकू. उजेड जातो आत," तो सवयीनं बोलून गेला.

मी फोन उचलला.

हिरवा.

"पुन्हा ठेवा," निखिलेश म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "दुसऱ्या हातावर."

ठेवला. उचलला.

हिरवा.

पारबताबाईला काहीच कळेना. ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली. "का झालं, बाप्पा? काही बिघडवलं का मी?"

मी तिचा हात तसाच धरून ठेवला.

भन्तेजींनी फोन माझ्याकडून मागून घेतला. निखिलेशच्या मांडीवर अलगद ठेवला.

"आता या हातांना परत पाठव बघू, निखिलेश."