उद्याच्या पाण्याचा आकडा

बॉयलरचं पाणी सकाळ-संध्याकाळ तपासून आकडा रजिस्टरात लिहायचा, हे इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यातल्या केमिस्ट शालन आवटींचं काम. मॅनेजर जहागीरदार साहेबांना मात्र तो पोरखेळ वाटायचा.

एका दुपारी साहेब तणतणत आले. "परवा इन्स्पेक्टर येणार आहेत. उद्याचे आकडेही आत्ताच लिहा, म्हणजे मी सही करून मोकळा!"

"आणि उद्या पाण्यात क्षार वाढले तर? नळ्या फुटतील, माणसं भाजतील. किती वेळा सांगू, साहेब?"

"काही वाढत नाही. रोज तोच तर आकडा येतो! लिहा!"

शालनताईंनी कपाळावर हात मारला आणि पेन उचललं. लिहून झाल्यावर साहेब सहीआधी वाचू लागले, "उद्या, संध्याकाळी सहा. पाणी उत्तम. जहागीरदार साहेबांनी बॉयलरशेजारी उभं राहून स्वतः खात्री केली."

साहेब किंचाळलेच. "अहो, उद्या सहाला मी सांगलीत मेहुण्याच्या लग्नात असणार! हे कसं लिहिलंत?"

"रोज सहाला तुम्ही इथेच तर असता, साहेब. त्यावरूनच लिहिलं."

साहेबांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. उद्याचा रकाना उद्यापर्यंत कोरा राहिला.